दहा गुणांचं अक्षर

मला इंग्रजी येत नाही,
इंग्रजी अक्षरं येतात.
एसचं पोट कुठं वळवायचं,
क्यूची शेपटी किती बाहेर काढायची,
डब्ल्यूला किती इंच सोडायचे,
चाळीस वर्षं हेच केलं
संकेश्वरच्या बाजारात, शिडीवर उभं राहून.
शब्द मात्र तेवढेच आले
जेवढ्यांचे लोकांनी पैसे दिले:
टेलर्स, ज्युवेलर्स, फर्टिलायझर,
आणि एका मिरचीवाल्याला हवं होतं
एक्सपोर्ट क्वालिटी.
क्यूनंतर यू लागतो
हे मला रंग वाळल्यावर कळलं.

नीलव्वा सिस्टर दवाखान्यातनं रिटायर झाली
तेव्हा पुतण्यानं दुबईहून हा डबा आणला.
शंभर सोंगट्या.
एक एन घुशीनं नेला,
एक ए तिच्या नातवानं गिळला.
दोन दिवस थांबा, येतंय, म्हणाली.
आलं नाही.
त्या दोन मी प्लायवूडमधनं कापून रंगवल्या,
बाकीच्यांपेक्षा देखण्या,
म्हणून पिशवीत हात घातला की बोटांना कळतं
आणि ती ओरडते, पेंटर, चाचपू नको.

तिच्याकडे दवाखान्याचे शब्द.
झेड आला की गॉझ,
एक्स आला की पॉक्स,
क्यूला क्विनीन, यू मिळेपर्यंत
चार-चार डाव दाबून ठेवते.
सगळी रोगराई एकेक करून मांडते
आणि चहा संपेपर्यंत पटावर साथ पसरते.

मी मनातल्या मनात रस्ता चालतो,
स्टँडपासून मठाच्या गल्लीपर्यंत,
दोन्ही अंगाचे बोर्ड वाचत:
जे कुठं आहे, व्ही कुठं.
मध्ये एक दुकान येतं, तिथं पाय उचलतो.
त्याच्यावर आधी मराठी होतं, माझंच.
मग आदेश आला,
पांढरा हात मारायलाही मीच गेलो,
मजुरी तीच.
उन्हाळ्यात चारच्या तिरक्या उन्हात
आतली वेलांटी अजून वर येते.
वरचं कन्नड लिहिताना
ओत्तक्षर बरोबर आहे का
हे मी सिस्टरलाच विचारलं होतं.
तिनं चष्मा लावून बघितलं,
बरोबर आहे म्हणाली,
आणि त्या दिवशी चहात साखर जास्त घातली.

परवाच्या बुधवारी मी झेरॉक्स लावला.
एक्स डब्यात एकच असतो,
दुसऱ्याच्या जागी कोरी सोंगटी.
सिस्टर म्हणाली, हे कंपनीचं नाव नव्हं काय?
डिक्शनरी काढली.
एक्सचं पान मुळात एकच,
तेही वाळवीनं खाल्लेलं.
मी खिडकीतनं समोर बोट दाखवलं,
पिवळ्यावर लाल, दोन फुटी अक्षरं.
बोर्ड तुझा, साक्षी पण तूच काय रे?
पण हसली, आणि गुण लिहून घेतले.

मग तिच्या हातात चारच उरल्या.
बी, ई, ई, आणि दुसरी कोरी.
बराच वेळ बघत बसली.
बाहेर मिरचीची पोती उतरत होती,
दोघांनाही शिंका आल्या.
तिनं लावलं: बी, ई,
कोरी,
ई.

कोरी म्हणजे कुठलं अक्षर? मी पेन्सिल उचलली.
ळ, म्हणाली.
ळ इंग्रजीत नाही सिस्टर.
नसू दे. बेळगाव म्हण, बेळगावी म्हण,
दोन्हीत आहे की नाही?
मला उत्तर सुचेना.
चाळीस वर्षं दोन्ही लिपींत
तो ळ मीच तर वळवला होता,
आणि खाली इंग्रजीत
एल काढून मोकळा झालो होतो.

बेळे, ती उठत म्हणाली.
डाळ. शिजायला टाकायची आहे.
सात वाजले, घरी जा आता.

मी पटावर एकटाच बसलो थोडा वेळ.
बीचे तीन,
ईचा एक, दुसऱ्या ईचा एक,
कोऱ्या सोंगटीला शून्य असतं.
वहीत लिहिलं, पाच.
आत कुकरची पहिली शिट्टी झाली.